टेलिरेडिओलॉजी

टेलिरेडिओलॉजी (दूरस्थ प्रतिमानिदान) ही एका ठिकाणी घेतलेल्या क्ष-किरण, सीटी स्कॅन, एमआरआय इत्यादी वैद्यकीय प्रतिमा संगणकीय जाळ्याद्वारे दुसऱ्या ठिकाणच्या क्ष-किरणतज्ज्ञाकडे पाठवून त्याचा निदान-अहवाल मिळविण्याची पद्धत आहे.

गरज

प्रतिमा घेण्याचे काम तंत्रज्ञ करतो. तिचा अर्थ लावण्यासाठी क्ष-किरणतज्ज्ञ लागतो. ३० खाटांच्या सामुदायिक आरोग्य केंद्रासाठीच्या २०१२ च्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत क्ष-किरण तंत्रज्ञाचे पद होते, क्ष-किरणतज्ज्ञाचे नव्हते. महाराष्ट्रात या स्तरावरील संस्थेला ग्रामीण रुग्णालय म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात असे रुग्णालय पौड या मुख्यालयी आहे. तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान, तर पश्चिमेस ताम्हिणी घाटापर्यंत विरळ वस्तीची डोंगराळ गावे आहेत. अशा भागात रुग्णाऐवजी प्रतिमेचा प्रवास झाल्यास वेळ वाचतो.

पक्षाघातात या वेळेला विशेष महत्त्व असते. मेंदूत रक्तस्राव झाला आहे की रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे, हे केवळ लक्षणांवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन करावा लागतो. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्तस्राव असताना तेच औषध जीवघेणे ठरू शकते.

कार्यपद्धती

प्रतिमा ‘डायकॉम’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साठविल्या जातात. १९८५ च्या मूळ मानकाला १९९३ मध्ये हे नाव मिळाले. डायकॉम फाइलमध्ये प्रतिमेसोबत रुग्णाची ओळख, तपासणीची तारीख व यंत्राची माहिती असते. सीटीच्या ५१२ × ५१२ बिंदूंच्या एका छेदप्रतिमेस सुमारे अर्धा मेगाबाइट जागा लागते. ३०० छेदांची तपासणी सुमारे १५० मेगाबाइटची होते. तिच्यात करड्या रंगाच्या ४,०९६ छटा नोंदविता येतात. त्यामुळे तज्ज्ञाला त्याच फाइलमधून फुप्फुस, हाड किंवा मेंदू स्वतंत्रपणे न्याहाळता येतात.

पुण्यातील ‘कृष्णा डायग्नोस्टिक्स’ ही २०१० मध्ये स्थापन झालेली कंपनी विविध राज्यांतील सरकारी रुग्णालयांच्या प्रतिमांचे अहवाल पुण्यातील केंद्रातून देते.

मर्यादा

फिल्मचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र हा डायकॉम फाइलचा पर्याय नव्हे. सामान्य छायाचित्रात करड्या रंगाच्या २५६ छटाच उरतात व संदेश-उपयोजने ते आणखी संकुचित करतात. बारीक अस्थिभंग त्यात निसटू शकतो. रुग्णाचे वय, लक्षणे व जुन्या तपासण्या कळविल्या नाहीत, तर चांगल्या प्रतिमेचाही अर्थ अपुरा राहतो. सोनोग्राफीचे निदान प्रोब हाताळणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असल्याने नंतर पाठविलेल्या स्थिर चित्रांवरून ते करणे कठीण असते.

कायदेशीर बाजू

२५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर दुसऱ्या नोंदणीकृत डॉक्टरचा सल्ला दूरस्थपणे घेऊ शकतो. मात्र उपचारांची जबाबदारी सल्ला मागणाऱ्या डॉक्टरचीच राहते.