फोनो प्रीॲम्पची सुधारणा : खर्च कुठे सार्थकी लागतो?

विनाइलच्या ध्वनिमुद्रिकेवरील खाचेतून फिरणारी सुई जो विद्युतसंकेत निर्माण करते, तो इतका क्षीण असतो की साध्या ॲम्प्लिफायरला तो थेट जोडला तर स्पीकरमधून जेमतेम कुजबुज ऐकू येते. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे जिथे सुईच्या दांडीला चिमुकले लोहचुंबक जोडलेले असते आणि तारेची वेटोळी स्थिर असतात तिथे, हा संकेत सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्ट असतो; मूव्हिंग कॉइल प्रकारात वेटोळीच हलतात आणि संकेत बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्याही आत राहतो. सीडी प्लेअर देतो ते २ व्होल्ट याच्या शेजारी ठेवले म्हणजे मधल्या फोनो प्रीॲम्पला किती काम पडते याचा अंदाज येतो. पहिल्या प्रकारासाठी त्याला संकेत शंभरपट, म्हणजे ४० डेसिबेलने, आणि दुसऱ्यासाठी हजारपट, म्हणजे ६० डेसिबेलने, वाढवावा लागतो.

वर्धनाइतकेच महत्त्वाचे दुसरे काम म्हणजे समतोलन. ध्वनिमुद्रण करताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबले जातात, कारण ते मूळ प्रमाणात कोरले तर खाचेची वळणे शेजारच्या खाचेत घुसतील. उलट टिपेचे स्वर वाढवून कोरले जातात, म्हणजे वाजवताना ते मूळ पातळीवर आणले की पृष्ठभागाची खरखरही त्यांच्याबरोबर कमी होते. या उलटसुलट क्रियेचे प्रमाण पूर्वी प्रत्येक कंपनीचे वेगळे होते. अमेरिकेतील रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने १९५४ मध्ये जी वक्ररेषा प्रमाण मानली, ती संघटनेच्या आद्याक्षरांवरून ‘आरआयएए’ म्हणून ओळखली जाते. तिच्यानुसार १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला १९.३ डेसिबेलची वाढ आणि २० किलोहर्ट्झला १९.६ डेसिबेलची घट करावी लागते. दोन्ही टोकांमधील हा फरक जवळजवळ नव्वदपट आहे.

ही वक्ररेषा अचूक उतरली की नाही, हा कोणत्याही प्रीॲम्पच्या परीक्षेतील पहिला प्रश्न असला पाहिजे. स्टॅन्ली लिपशिट्झ यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवून दिले की समतोलनाच्या जाळ्यातील घटक एकमेकांवर जो परिणाम करतात, तो प्रचलित सूत्रांमध्ये नीट धरलेलाच नव्हता. ते गणित आता सुटलेले असले तरी स्वस्त उपकरणांत घटकांच्या दर्जाची अडचण उरतेच. टिपेचे नियंत्रण करणारा कपॅसिटर छापील मूल्यापेक्षा दहा टक्क्यांनी चुकला, तर वरच्या सप्तकांची पातळी सुमारे ०.८ डेसिबेलने सरकते, आणि डाव्या-उजव्या बाजूंचे कपॅसिटर विरुद्ध दिशांना चुकले तर गायकाचे मंचावरील स्थानही डळमळते. म्हणून एक टक्का अचूकतेचे पॉलिस्टायरिन किंवा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर बसवणे ही सुधारणा मोजता येते आणि खर्चाच्या मानाने रास्तही ठरते. त्याच मूल्याचा, केवळ नावाजलेल्या कंपनीचा दसपट महाग कपॅसिटर बसवणे मात्र याच न्यायाने समर्थनीय ठरत नाही.

हौशी मंडळींत सर्वाधिक लोकप्रिय सुधारणा आयसी बदलण्याची आहे. पुष्कळ प्रीॲम्पमध्ये आठ पायांचा ऑप-ॲम्प सॉकेटात बसवलेला असतो आणि सोल्डरिंग न करता तो काढून दुसरा लावता येतो, त्यामुळे जुना एनई५५३२ काढून आधुनिक एलएम४५६२ लावण्याचा मोह होतो. माहितीपत्रकात पहिल्याचा अंगभूत व्होल्टेज-गोंगाट ५ नॅनोव्होल्ट आणि दुसऱ्याचा २.७ नॅनोव्होल्ट (दोन्ही एक हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात) दिलेला असल्याने निवड उघड वाटते. परंतु ऑप-ॲम्पला विद्युतप्रवाहाचाही गोंगाट असतो, आणि तो समोरच्या स्रोताच्या रोधाने गुणला जातो. अर्धा हेन्री प्रेरकत्वाच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा रोध १० किलोहर्ट्झला ३१ हजार ओहमपर्यंत चढतो. प्रमाणित ४७ हजार ओहमच्या भाराशी समांतर धरल्यास तो २६ हजार ओहम उरतो. एनई५५३२ चा ०.७ पिकोॲम्पिअरचा प्रवाह-गोंगाट या रोधावर सुमारे १८ नॅनोव्होल्ट निर्माण करतो, तर एलएम४५६२ चा १.६ पिकोॲम्पिअरचा गोंगाट सुमारे ४२. भाररोधाचा स्वतःचा औष्णिक गोंगाट तिथे १५ नॅनोव्होल्ट आहे, हे लक्षात घेतले तर ‘उन्नत’ आयसीने मूळ उपकरण टिपेच्या भागात बिघडवले असा निष्कर्ष निघतो. कमी रोधाच्या मूव्हिंग कॉइलसाठी हाच एलएम४५६२ उत्तम ठरू शकतो. अर्थात रेकॉर्डच्या पृष्ठभागाची खरखर या साऱ्या गोंगाटापेक्षा बहुधा मोठीच असते, हे आयसीच्या चर्चेत सोयीस्करपणे विसरले जाते.

याउलट, कानाला सहज जाणवणारी एक दुरुस्ती बहुतेकदा फुकट असते. कार्ट्रिजचे प्रेरकत्व आणि त्याला दिसणारी एकूण धारकता यांतून एक अनुनाद तयार होतो. अर्धा हेन्रीचे कार्ट्रिज १५० पिकोफॅरडला जोडले तर हा अनुनाद १८ किलोहर्ट्झच्या पुढे राहतो. परंतु टोनआर्मची तार, लांब केबल आणि प्रीॲम्पमधील कपॅसिटर मिळून ४०० पिकोफॅरड झाले, तर तो ११ किलोहर्ट्झपर्यंत खाली येतो. दहा किलोहर्ट्झच्या आसपास तीन डेसिबेलचा विद्युत उठाव आणि त्यापुढे तीव्र उतार, असा त्याचा परिणाम होतो. कार्ट्रिजच्या निर्मात्याने सांगितलेली धारकता पाहून प्रीॲम्पवरील स्विच योग्य जागी नेणे किंवा आखूड केबल वापरणे, एवढ्याने जो फरक पडतो, तो महागड्या ‘अपग्रेड’च्या नावे जमा होताना दिसतो.

वीजपुरवठ्याविषयी थोडक्यात सांगता येईल. समतोलनामुळे ५० हर्ट्झचा घरगुती विजेचा गुणगुणाट १ किलोहर्ट्झच्या तुलनेत जवळजवळ सातपट वाढतो, त्यामुळे निकृष्ट अडॅप्टर बदलणे योग्यच. पण त्याआधी टर्नटेबलची अर्थिंगची तार प्रीॲम्पच्या स्क्रूला घट्ट जोडलेली आहे की नाही आणि कार्ट्रिजशेजारी एखादा ट्रान्सफॉर्मर ठेवलेला नाही ना, हे पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रातील संग्राहकांसाठी मात्र प्रश्न इथे संपत नाही, कारण बालगंधर्वांची नाट्यपदे किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांचे गायन मूळ रूपात ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर आहे. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले, त्यापूर्वी कर्ण्यातून झालेल्या ध्वनिमुद्रणांना कोणतेच विद्युत समतोलन नव्हते. त्यानंतरच्या तबकड्यांत खर्ज दाबण्याची सुरुवात, म्हणजे टर्नओव्हर, कंपनीनुसार २५० ते ५०० हर्ट्झच्या दरम्यान बदलत असे आणि टीप वाढवून कोरण्याची प्रथा सर्वत्र नव्हती. अशी तबकडी आरआयएए प्रीॲम्पवर वाजवली, तर ५ किलोहर्ट्झला सुमारे आठ डेसिबेलची घट विनाकारण होते, पदातील शब्दांची धार बोथट होते, आणि मग दोष जुन्या ध्वनिमुद्रणावर ढकलला जातो. याच गायकांच्या नंतर निघालेल्या एलपी पुनर्मुद्रणांना आरआयएएच लागते, हे वेगळे सांगायला नको. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून ध्वनिमुद्रिकांच्या ज्या सूची प्रसिद्ध केल्या, त्यांसारख्या साधनांवरून तबकडीची कंपनी आणि काळ ठरवता आला, तर योग्य वक्ररेषेचाही अंदाज बांधता येतो.

अशा संग्राहकाने सर्वांत आधी ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई घ्यावी, कारण एलपीची १८ मायक्रॉनची सुई या रुंद खाचेच्या तळाशी घासत राहते. आणि टर्नओव्हर व टिपेची घट स्वतंत्रपणे बदलता येत नाही असा प्रीॲम्प, त्याची किंमत कितीही असो, ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी विकत घेऊ नये.