अळीने आधी विणलेलं नायलॉन

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात आंधळगावात मागावर कोसा रेशीम विणतात आणि याच जिल्ह्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत ढिवर मच्छीमार नायलॉनचं जाळं टाकतात. एक धागा ऐन-अर्जुनाच्या पानांवर पोसलेल्या अळीचा, दुसरा कारखान्यातला. नात्यागोत्याचा संबंध नाही असं वाटतं ना? पण दोघांच्याही रेणूंच्या साखळ्यांचे दुवे एकाच रासायनिक गाठीने जोडलेले आहेत. तिचं नाव अमाइड.

या साखळ्या शेजारी-शेजारी नीट आल्या, की एकीचा हायड्रोजन दुसरीच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो. अशा लाखो पकडी झाल्या की तयार होतो स्फटिक. मात्र सगळ्याच साखळ्या शिस्तीत बसत नाहीत. अर्ध्या बांधीत ओळीने रोवणी केलेली आणि अर्धीत आवत्या फेकलेला, असं धानाचं शेत डोळ्यांपुढे आणा. नायलॉन आतून तसाच असतो, म्हणून त्याला अर्धस्फटिकी म्हणतात. ओळीतला भाग ताकद देतो, उष्णता सोसतो. विस्कटलेला भाग वाकतो, धक्का पचवतो. कोशाचा धागाही असाच अर्धा शिस्तीचा, अर्धा मोकळा.

पाणी शिरतं ते विस्कटलेल्या भागातच. भिजत ठेवलेला नायलॉन-६ हा प्रकार स्वतःच्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी पितो आणि फुगतो. त्यामुळे नायलॉनचं गिअर बनवणाऱ्याला ही फुगवट आधीच हिशेबात धरावी लागते. गंमत अशी, की अगदी कोरडा नायलॉन ठिसूळ असतो. थोडं पाणी प्याला की चिवट होतो!

रेशमाला पर्याय शोधता शोधता अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांनी २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन-६६ तयार केला. १९३८ मध्ये तो दात घासायच्या ब्रशात आला, १९४० मध्ये बायकांच्या मोज्यांत. आज भिंतीत ठोकायची गिट्टी, केबल टाय, तेलावाचून फिरणारे बुश, काचतंतू मिसळून केलेले मोटारींच्या इंजिनाचे भाग, सगळीकडे तोच.

अळीला जमलं नाही ते एकच: कोसा वितळत नाही. नायलॉन-६६ मात्र २६० अंशांच्या आसपास पातळ होतो, साच्यात ओतता येतो. पण तो कुजतही नाही. सुती जाळं वाळवत बसावं लागे, नायलॉनच्या जाळ्याला ती कटकट नाही; मात्र तुटून तळाशी राहिलेलं जाळं वर्षानुवर्षं मासे अडकवत राहतं. माझ्या मते हा सौदा महागच.

करवतकाठी कोशाची साडी घ्यायला गेलात, तर पदराचा एक सुटा धागा मागून जाळून पाहा. केस जळल्याचा वास आला आणि राख चिमटीत चुरली तर तो अळीचा. आक्रसून टोकाला कडक मणी झाला, तर दुकानदाराला पुन्हा विचारा.