निरोप जावा, वीज जाऊ नये

गझलेच्या मैफलीत गायकानं 'सा' लावण्याआधीच स्पीकरमधून एक अनाहूत सूर येतो – घूंऽऽ. साउंडवाला वायरी हलवतो, श्रोते घड्याळ पाहतात. मित्रहो, दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो, जोडणीचा असतो. दोन उपकरणं दोन वेगळ्या बोर्डांवर लावलेली असतात. दोन्हींचं अर्थिंग नावाला एकच. प्रत्यक्षात त्यात थोडा फरक राहतो. मधे वायर जोडली, की त्या फरकापायी नको ती वीज वाहू लागते. थोडी असली तर घरघर ऐकू येते, जास्त असली तर आतली चिप जळते.

कीबोर्ड एकमेकांना जोडण्याची 'मिडी' ही पद्धत 1983 साली आली. ती ठरवणाऱ्यांनी हा धोका आधीच ओळखला होता. निरोप घेणाऱ्या वाद्यात ऑप्टोकपलर हवाच, असा नियम त्यांनी घातला. ही एक छोटी काळी चिप. आत एका बाजूला एलईडी दिवा, समोर उजेड ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर आणि मधे वीज न वाहणारा पारदर्शक थर. पहिल्या वाद्याचा संदेश दिव्याच्या उघडझापीत बदलतो, पलीकडे त्याची पुन्हा वीज होते. मिडीत ही उघडझाप सेकंदाला 31,250 इतक्या वेगानं चालू शकते! उजेड पलीकडे जातो, वीज अलीकडेच थांबते. नजरेनं निरोप धाडायची रीत आम्हा गझलवाल्यांना जुनीच. ती यंत्रांनाही सुचली याची मला मोठी गंमत वाटते.

मोबाइलच्या अनेक चार्जरांत हीच चिप असते. आत एका बाजूला 300 व्होल्टांहून जास्त दाब, दुसरीकडे आपल्या हातातला फोन. 'आता पुरे' हा निरोप फोनच्या बाजूनं मागे जातो तो उजेडावरूनच. पीसी817 नावाची स्वस्त चिप एका मिनिटाच्या चाचणीत 5,000 व्होल्ट सोसते. मात्र वीज कोसळली तर तिच्या भरवशावर राहू नये.

शेतातला पंप मोबाइलवरून चालवायचा म्हणून हौशी पोरं निळ्या रिलेचा तयार बोर्ड आणतात. त्यावर ऑप्टोकपलर असतो, आणि विकणाराही तसं छातीठोक सांगतो. पण अशा अनेक बोर्डांवर 'जेडी-व्हीसीसी' असं लिहिलेल्या पिनांवर एक इवलंसं टोपण बसवलेलं असतं. त्यानं दोन्ही बाजूंचा पुरवठा एकच होतो. म्हणजे मधे भिंत बांधायची आणि बाजूला दार उघडं ठेवायचं! ते टोपण काढावं, रिलेला 5 व्होल्टांचा स्वतंत्र अडॅप्टर द्यावा आणि त्या अडॅप्टरची ग्राउंड कंट्रोलरच्या ग्राउंडला जोडू नये. हे सगळं मुख्य वीज बंद करूनच करायचं. 230 व्होल्टांची बाजू मात्र वायरमनच्याच हाती द्यावी.