वालावलचा एक दिवस

गळीत हंगाम संपला, खोडव्यातले पाचट सरीत दाबून झाले, की वैशाखात चार दिवस हाताशी राहतात. पुष्कळ सभासद त्यात कुटुंबासह कोकणात उतरतात. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला झाला, देवाला नारळ झाला, की शेवटच्या दिवशी तडक घाट चढायची घाई. यंदा घरच्या मंडळींनी ती घाई आम्हाला करू दिली नाही. परतीचा एक दिवस वालावलला दिला आणि तो कारणी लागला. सभासद बंधूंनी आपल्या घरातील बायकामुलांना तेवढा एक दिवस द्यावा म्हणून हे लिहितो.

कुडाळहून नेरूरवरून वालावलला जायचे. रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना माड-पोफळी, फणस, काजू. आपल्याकडे नजर उसाच्या तुऱ्यावरून पार क्षितिजाला जाते. इथे चार हातांवर हिरवी भिंत. गावात लक्ष्मीनारायणाचे जुने देऊळ आहे. सभामंडपातले लाकडावरचे कोरीवकाम निवांत बघावे. देवळाला लागूनच तळे, आणि पलीकडे डोंगराची झाडी थेट पाण्यात उतरलेली. व्ही. शांतारामांच्या 'चानी' (१९७७) या चित्रपटाचे चित्रीकरण याच गावात झाले. मुलांना त्याचे काही नाही, ती पायऱ्यांवर बसून मासे मोजत होती. मंडळी तासभर तिथून हलेनात. बारा महिने गोठा आणि चूल यांत अडकलेल्या माणसाला नुसते बसणेसुद्धा सुट्टीच असते, हे आम्हा पुरुषांच्या ध्यानात उशिरा येते.

देवळात एक वयस्कर गृहस्थ भेटले. आम्ही घाटावरचे, उसाकडचे म्हटल्यावर हसले. म्हणाले, "तुमचा बरा हा, कॅनालचा पाणी दारात. आमचो पाऊस चार म्हयने कोसळता, आणि मे म्हयन्यात बाव तळाक जाता."

हे ऐकून आम्ही मनाशी हिशेब केला. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आपल्या आडसाली उसाला मोकळ्या पाटपाण्याने साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे कोकणात चार महिने आभाळ फाटून जेवढे पडते, तेवढे किंवा त्याहून जास्त आपण दीड वर्षात एका प्लॉटला पाजतो. ठिबकवर यातले बरेच वाचते, पण "भरणे झाले पाहिजे" म्हणून रात्रभर पाणी सोडून झोपणारे आपल्यात थोडे नाहीत. क्षारपड कुठून आली ते मग विचारायला नको.

दुपारी नेरूरपारच्या पुलावरून कर्ली नदी ओलांडून धामापूरला गेलो. इथला तलाव १५३० साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधला. दोन डोंगरांमध्ये मातीचा बांध, काठाला भगवतीचे देऊळ. सिमेंट नाही, इंजीन नाही. पाणी उताराने शेताकडे जाते. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. भोवतीचे जंगल राखले की डोंगराची माती धुपून तळ्यात येत नाही, हे धाकट्याला समजावून सांगितले. त्याने विचारले, "मग आपल्या ओढ्याकाठची झाडे कुणी तोडली?" आम्ही त्याला सोलकढी पाजली.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी सकाळी लवकर कुडाळ सोडावे. देवळाच्या तळ्यात साबण, कपडे, प्लॅस्टिक नेऊ नये. आमसुले जाताना घ्यावीत, पण चाखून आणि हाताने दाबून. फार ओली असली तर पावसाळ्यात बुरशी धरतात. धामापूरहून तीनच्या आत निघाले, तर कट्टा-कसालवरून कणकवलीला येऊन फोंडा घाट उजेडात चढता येतो. दाजीपूरच्या जंगलातून राधानगरीला आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शाहू महाराजांच्या धरणाजवळ मंडळींनी गाडी थांबवायला सांगितली. आमची पाण्याची पाळी रात्री दहाची होती, तरी थांबलो.