सराटा, आस्कंद आणि तालमीतली ताकद

मंडळी, मराठवाड्यात अनवाणी चाललेल्या माणसाला सराट्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पायात रुतणाऱ्या या काट्याला वैद्य गोखरू म्हणतात, तर हकीम खार-ए-खसक. गायरानात उगवणाऱ्या ढोरगुंजेचंही असंच. तिच्या मुळाला आपण आस्कंद म्हणतो, वैद्य अश्वगंधा आणि हकीम असगंध. ओल्या मुळाला घोड्यासारखा वास येतो, म्हणून हे नाव. नांदेड-लातूरचा हा मुलूख 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तिथं युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. त्यामुळं वैद्यांची आणि हकिमांची नावं इथं शेजारी शेजारी नांदली. शक्ती देणाऱ्या औषधाला वैद्य 'बल्य' म्हणतात, हकीम 'मुकव्वी'. अर्थ एकच.

पण या मुळ्यांनी खरोखर ताकद येते का? सराट्याची परीक्षा ऑस्ट्रेलियात रग्बी खेळाडूंवर झाली. पाच आठवडे त्यांना अर्क दिला. 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, की न घेणाऱ्यांपेक्षा त्यांची ताकद जास्त वाढली नाही. आस्कंदाचा अनुभव थोडा बरा आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत 57 पुरुषांनी आठ आठवडे व्यायाम केला. आस्कंदाचा अर्क घेणाऱ्यांची वजन उचलण्याची ताकद अधिक वाढली. मात्र चाचणी लहान होती. आणि ज्यांनी अर्क घेतला नाही, पण व्यायाम केला, त्यांचीही ताकद वाढलीच! मुळी हातभार लावते, जोर माणसालाच काढावे लागतात.

आपल्या तालमींना हे ठाऊक होतं. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले आणि 1970 च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. तालमीतला खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई. त्याच्या जोडीला पहाटेचे जोर-बैठका आणि रात्रीची वेळेवर झोप. हा हिशेब वर्षांचा असतो.

हे सांगण्याचं कारण आज मैदानावर दिसतं. पोलीस भरतीसाठी 1600 मीटर धावणारी आपली पोरं पहाटे घाम गाळतात. भरती तोंडावर आली, की कुणीतरी बिननावाची पुडी पुढं करतो. म्हणतो, 'जडीबुटी आहे, चार दिवसांत फरक बघा.' मंडळी, इथंच सावध व्हायचं. चार दिवसांत अंग भरवणारी जडीबुटी नसते. अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा आढळलं आहे. त्यानं आधी भूक वाढते, तरतरी येते. मग रक्तदाब आणि साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. दीर्घकाळ घेऊन एकदम बंद केलं, तर जिवावरही बेततं. स्पर्धेतल्या मल्लाच्या लघवीत ते सापडलं, तर 'मला माहीत नव्हतं' या सबबीवर तो सुटत नाही.

शुद्ध आस्कंदही सर्वांना मानवत नाही. थायरॉइडचा किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी ते घेऊ नये. इतरांनीही वैद्याला किंवा हकिमाला विचारूनच घ्यावं.

पुडी देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: आत कोणती वनस्पती आहे, कुठं बनवली आणि पावती देता का? खरा वैद्य वा हकीम हे सांगताना अडखळणार नाही. जो अडखळेल, त्याची पुडी त्याच्याच हातात ठेवा आणि पोराला सकाळी दोन अंडी नाहीतर मूठभर भिजवलेले शेंगदाणे द्या.