सीताफळाची कुल्फी कडू का होते?

परवा शेजारच्या वहिनी विचारत होत्या, "लेकाच्या वाढदिवसाला सीताफळाची कुल्फी करायचीय, पण कडसर लागती. असं का हो?" म्हटलं, सगळ्यांसाठीच लिहावं.

आपण बीडकर नशीबवान! बालाघाटच्या डोंगरातल्या आपल्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर-अंबाजोगाईकडं पाट्याच्या पाट्या येतात. मग पाहुण्यांना बाहेरचं आइस्क्रीम कशाला?

कडूपणाचं कारण सोपं आहे. गर उकळत्या दुधात पडला की चव बिघडते. सीताफळ कधीच शिजवायचं नाही.

एक लिटर म्हशीचं दूध निम्म्यावर आटवा. तीन-चार चमचे साखर पुरे, फळच गोड असतं. दूध फ्रीजमध्ये पार गार झालं की मगच वाटीभर गर घाला. साच्यात किंवा स्टीलच्या छोट्या पेल्यांत ओतून रात्रभर फ्रीजरला ठेवा.

बिया काढायला गर मोठ्या भोकांच्या चाळणीवर घ्या आणि डावाच्या पाठीनं हलकेच फिरवा. पांढऱ्या पाकळ्या खाली पडतात, काळ्या बिया वर राहतात. बियांसकट मिक्सर मात्र अजिबात नको. बी फुटली तर ती विषारी असते, पोरांच्या खाण्यात तर चुकूनही जायला नको.

गर उरला तर डब्यात घट्ट दाबून फ्रीजरमध्ये टाका. उघडा ठेवला की काळा पडतो.

काही अडलं तर खाली विचारा. बासुंदीचं प्रमाणही सांगेन.