विषय बदलला तर आधीची वर्षं वाया जातात का?

पेट किंवा नेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "एम.एस्सी. एका विषयात झालं, पीएच.डी. वेगळ्याच विषयात करावीशी वाटते. मग आधीचं सगळं पाण्यात?" उत्तर म्हणून आज एका वकिलाची गोष्ट सांगतो.

रॉजर फिशर (१९२२–२०१२) हे अमेरिकन वकील. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जवळचे मित्र गमावले. पुढे हार्वर्डमधून कायद्याची पदवी, वॉशिंग्टनमध्ये वकिली आणि १९५८ पासून हार्वर्डलाच अध्यापन. कोर्टात एक जिंकतो, दुसरा हरतो. पण दोन देशांच्या भांडणात निकाल सक्तीने पाळायला लावणारा न्यायाधीश कुठून आणणार? म्हणून फिशर यांनी प्रश्नच बदलला. 'कोण बरोबर?' हे बाजूला ठेवून ते विचारू लागले, 'काय मांडलं तर दोघंही हो म्हणतील?'

सिनाईचं उदाहरण बघा. १९६७ च्या युद्धात इस्राएलने हा प्रदेश इजिप्तकडून घेतला. १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिडला चर्चा सुरू झाली, तेव्हा इजिप्तला तो पूर्ण परत हवा होता आणि इस्राएलला काही भाग ठेवायचा होता. ही झाली 'भूमिका'. नकाशावर रेघ कुठेही मारा, तोडगा निघेना. आता 'का?' विचारा. इस्राएलला सीमेवर इजिप्तचे रणगाडे नको होते, इजिप्तला आपल्या भूमीवर आपलं सार्वभौमत्व हवं होतं. हे झाले 'हितसंबंध', आणि ते एकमेकांच्या आड येत नव्हते! सिनाई इजिप्तला परत द्यायचा, पण त्याचा मोठा भाग निर्लष्करी ठेवायचा, असं ठरलं.

तिथे फिशर यांनी सुचवलेली 'एकच मसुदा' पद्धत वापरली गेली. मध्यस्थ मसुदा लिहितो. 'मान्य आहे का?' असं तो विचारत नाही, 'यात काय खटकतं?' एवढंच विचारतो आणि सुधारत जातो. १३ दिवसांत सुमारे २३ मसुदे झाले. १९७९ मध्ये शांतता करार झाला. पॅलेस्टाईनचा प्रश्न मात्र सुटला नाही. म्हणजे ही पद्धत काही जादूची कांडी नव्हे.

आता मुद्दा लक्षात घ्या. फिशर यांनी वकिली टाकून दिली नाही. मसुदा लिहिणं, शब्द तोलून वापरणं, समोरच्याचा युक्तिवाद आधीच ओळखणं, हे सगळं वकिलाचंच कसब. प्रश्न नवा, हत्यारं जुनीच.

तुम्हीही सिनॉप्सिस लिहिण्याआधी दोन रकाने आखा. एकात 'मला कोणता विषय हवा' आणि दुसऱ्यात 'का हवा'. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर विषय बदलायची घाई नको. तो भरला, तर जुन्यातलं काय सोबत येतंय त्याची यादी करा.

आणि गाइडकडे मसुदा घेऊन जाल तेव्हा "सर, चालेल का?" असं विचारू नका. "यात काय खटकतंय?" असं विचारा. माझा सिनॉप्सिस सहाव्या मसुद्याला मान्य झाला. पहिल्या पाच वेळा मी 'चालेल का' विचारत होतो.